दाराआड धुतलेले लंगोट

मी लंगोट फार चांगले धुवायचो. हे साधं वाक्य लिहायला मला एवढी वर्षं लागली, आणि आत्ताही लिहायला बसण्याआधी मी खोलीचं दार लोटून घेतलंय. घरात दुसरं कुणी नाही, तरी.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. लालबागच्या चाळीतली खोली सोडून आम्ही भाईंदर पश्चिमेला वन रूम किचनचा ब्लॉक घेतला होता. तळमजल्यावरचा, म्हणून परवडला. तिथल्या मिठागरांवरून मुंबईतले नातेवाईक आम्हाला ‘मिठागरात गेलेले’ म्हणायचे, पण मला त्याचं काही वाटत नसे. ब्लॉकला स्वतःचं दार होतं. चाळीत माझं कळतं बालपण सगळं गॅलरीत, चारचौघांसमोर गेलं. दात घासले ते लोकांसमोर, मार खाल्ला तो लोकांसमोर, नापास झालो तेही लोकांसमोर. आता लावायला दार मिळालं होतं आणि ते मी येताजाता लावायचो.

घरात आम्ही चौघं. बायको सरकारी कचेरीत कारकून होती, सकाळी डबा घेऊन निघायची. मी एका छापखान्यात दुसऱ्या पाळीला होतो, दुपारी जायचो. आई रत्नागिरीहून बाळंतपणासाठी आली ती राहिली. आणि आमचा मुलगा. म्हणजे सकाळभर घर, आई आणि पोरगं माझ्या ताब्यात. आईची मनगटं संधिवाताने धरलेली. बाळाला तेल चोळण्यापुरते हात चालायचे, पण पिळायचं म्हटलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्यामुळे लंगोट माझ्याकडे आले. जुन्या सुती साड्यांचे, माझ्या धोतर नेसणाऱ्या मामांच्या धोतरांचे, मऊ, त्रिकोणी, ढीगभर.

पहिल्याच दिवशी मी स्वयंपाकघरातल्या, बाहेरच्या दारातून सरळ दिसणाऱ्या मोरीत बसलो तशी आई म्हणाली, “दार लोटून घे. बिल्डिंगीतली बघतील.” ती मला वाईट वाटावं म्हणून बोलली नव्हती. मुलाने लंगोट धुणं तिच्या डोळ्यांना सोसत नव्हतं, आणि लोकांच्या नजरेस ते पडू नये अशी तिची इच्छा होती. पण ते वाक्य माझ्या अंगात भिनलं ते भिनलंच. तोवर मला वाटत होतं की मी कपडे धुतोय. त्यानंतर मी काहीतरी लपवायला लागलो.

लपवायचं तरी किती? पाणी एक दिवसाआड यायचं, तेही थोडा वेळ. जमिनीखालच्या टाकीचं झाकण नेमकं आमच्या दारासमोर, आणि पंप महिन्यातला बराच काळ आजारी. मग अख्ख्या बिल्डिंगीतल्या बायका बादल्या, कळश्या घेऊन आमच्या दारात रांग लावायच्या. बाहेर त्यांच्या गप्पा आणि आत, बंद दाराआड, मी साबण चोळतोय तो आवाज न करता. धोपटणं वगैरे बंदच. वाळत घालायला खिडकीबाहेर दोरी होती, पण तिच्यावर मी फक्त शर्ट आणि चादरी टाकायचो. लंगोट आत, स्वयंपाकघरात, स्टोव्हच्या वर बांधलेल्या दोरीवर. ते वाळायचे नाहीत. मग मी त्यांच्यावर इस्त्री फिरवायचो. आमच्या घरात त्या दिवसांत वरणाचा आणि इस्त्रीखाली तापलेल्या ओल्या लंगोटांचा असा एक मिळून वास असे.

पाणी कमी, वाळणं अवघड. तेव्हा लंगोट कमी लागतील अशी काहीतरी युक्ती काढणं भाग होतं, आणि ती मी काढली. आतून एक लंगोट. त्यावर जुन्या लुगड्याची जाड घडी. त्यावर दुसरा लंगोट, उलट्या बाजूने बांधलेला. आणि या सगळ्यावर बाजारात मिळणारी प्लास्टिकची, इलास्टिकवाली चड्डी. एकदा हे बांधलं की सकाळचं पोरगं दुपारपर्यंत बघायला नको. बाहेर एक थेंब येत नसे. पाहुणे आले तर चटईवर डाग नाही, मांडीवर ओल नाही, कुणाला नाक मुरडायला जागा नाही. मला त्या बांधणीचा अभिमान होता. छापखान्यात जुळवलेल्या खिळ्यांचा फर्मा आवळण्यात मी जेवढा चोख होतो तेवढाच इथे.

बायको एकदाच म्हणाली, की तो चालताना... मग स्वतःच थांबली, कारण तो चालत नव्हता.

तेच तर खरं दुखणं होतं. वर्षाचा झाला, सव्वा वर्षाचा झाला, दीड वर्षाकडे झुकला, तरी पोरगं पाऊल टाकेना. कॉटला धरून उभा राहायचा. दोन पाय लांब लांब फाकवून, मधे ते गाठोडं. एक पाय उचलायचा, तो सरळ पुढे न पडता बाजूने गोल फिरून यायचा, आणि मग धप्पकन बसायचा. गाठोड्यामुळे लागायचं नाही, म्हणून रडायचाही नाही. पाटावर बसवलेल्या गणपतीसारखा बसून राहायचा, प्रसन्न.

शेजारच्या ब्लॉकमध्ये एक गुजराती बेन राहायची. तिची मुलगी आमच्या मुलापेक्षा थोडी लहानच. ती कधीच चालायला लागली होती. अंगात नुसती सुती चड्डी, तीही अर्धा वेळ हातात. आमचं दार कधी चुकून उघडं राहिलं की सरळ आत यायची, आमच्या मुलाच्या हातातलं खेळणं घ्यायची आणि निघून जायची. तो बसल्या जागेवरून तिच्याकडे बघत राहायचा. मला त्या एवढ्याशा पोरीचा राग यायचा. आणि खरं सांगायचं तर माझ्या मुलाची लाज वाटायची. त्याच्यासाठी जीव टांगणीला लागलेला होताच, रात्र रात्र मनात नाही नाही ते यायचं, पण त्या काळजीच्या बरोबरीने लाजही होती आणि ती काळजीपेक्षा आधी पुढे यायची.

त्या सुमाराला माझी मेहुणी मस्कतहून आली. येताना तिने चार डायपरचं एक छोटं पाकीट आणलं. आत्ता भाईंदरच्या कुठल्याही किराणा दुकानाच्या दारात त्यांच्या माळा लटकलेल्या असतात. तेव्हा आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. आईने एक हातात घेऊन दाबून पाहिला आणि त्याला ‘कागदी लंगोट’ असं नाव दिलं. एकदा वापरून टाकून द्यायचा हे ऐकून तिला ते पटेना. शेवटी ठरलं की हे रोज वापरायचे नाहीत. बायकोचं माहेर ठाण्याला. घोडबंदरच्या रस्त्याने एसटीने जावं लागायचं, तेवढ्या प्रवासापुरते ठेवायचे. पाकीट कपाटात, तिच्या लग्नातल्या शालूच्या शेजारी गेलं.

एका रविवारी बायको मुलाला घेऊन ठाण्याला गेली. मला सकाळच्या पाळीला जादा बोलावलं होतं. संध्याकाळी ती परत आली ती रडवेली आणि हसरी एकदमच. मुलगा चालला होता. तिच्या माहेरच्या ओसरीवर, मस्कतचा डायपर घालून, खांबापासून मावशीपर्यंत. मावशीने पाहिलं, आजीने पाहिलं. बायको तेव्हा आत भाकऱ्या भाजत होती. हाका मारल्या म्हणून पिठाचे हात घेऊन धावली, तोवर तो मावशीच्या मांडीवर पोचला होता. मग कितीही चुचकारलं तरी परत उठला नाही.

आमच्याकडे मूल चालायला लागलं की घारगे करून शेजारीपाजारी वाटायचे, अशी आईच्या घरची रीत. तिने कुणाला काही विचारलं नाही. भोपळा घरात होताच. दुसऱ्या दिवशी मी कामावरून येईपर्यंत घारगे तळून, वाटून झाले होते. चारही मजल्यांवर. सोबत निरोप, आमचा चालायला लागला.

आणि मग लोक बघायला आले. यात त्यांचं काय चुकलं? गोड खाल्लं, कौतुक करायला आले. बेन आली, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांची बायको आली, कोण कोण आल्या. पोरगं मधोमध बसलेलं, माझी ती चोख बांधणी ल्यालेलं. त्याला उभं केलं की एक पाय गोल फिरवायचा आणि धप्प. टाळ्या वाजवल्या, खुळखुळा दाखवला, साखर दाखवली. धप्प. बायका हसल्या, आज मूड नाही म्हणाल्या, गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी कुणी आत आलं नाही, पण पाण्याच्या रांगेत बेनने मला विचारलं, “भाई, आज चला क्या?” मी काहीतरी मान हलवली. तेवढ्यात मास्तरांची बायको कळशी भरता भरता म्हणाली, “त्याला फक्त ठाण्यातच चालता येतं वाटतं.”

सगळ्या हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं, मीही दुसऱ्याच्या घरचं असतं तर हसलो असतो. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत येऊन मी आईवर ओरडलो, की घारगे वाटायची एवढी घाई कुणी सांगितली होती. आईला वाटत होतं की तिने नातवाला दृष्ट लावली. दुपारी मी निघण्याआधी तिने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, आणि दुसऱ्या दिवशीही, आणि मी बघून न बघितल्यासारखं केलं.

बायकोला मात्र एक शंका आली होती आणि ती तिने मांडली. तो ठाण्यात चालला कारण तिथे डायपर होता. डायपर पातळ, पाय जवळ येतात. इथे त्याच्या मांड्यांमधे तुम्ही उशी बांधून ठेवता. मला हे ऐकवेना. म्हणजे पोरगं चालत नाही ते माझ्यामुळे? मी म्हटलं, दीड वर्ष मी लंगोट धुतोय ते हे ऐकायला का? ती म्हणाली, “मी कुठे तुम्हाला दोष देतेय? मला फक्त त्याला चालताना बघायचंय.”

शेवटी स्टेशन रोडच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मुलाला टेबलावर ठेवलं आणि आधी माझी बांधणी सोडली. एकेक पदर निघत गेला तसे ते माझ्याकडे बघायला लागले. मग पाय वाकवले, ताणले, उभं धरून पाहिलं. हाडं उत्तम, कमरेत जोर उत्तम, म्हणाले. काही मुलं उशिराच चालतात, त्यात डायपर-लंगोटाचा फरक फार मोठा नसतो, पण एवढं जाड बांधलं की पाय फाकून पडतात, तोल जातो, मुलाला नकोसं होतं. मग हात धुता धुता त्यांनी उपाय सांगितला: घरात काही दिवस उघडाच सोडा.

किती सोपं. आईने तर तिथेच मान डोलावली. घरी आल्यावर म्हणाली, गावाला तू काय घालून चालायला शिकलास? कमरेला करगोटा, बाकी देवाचं नाव. मी म्हणालो, हे गाव नाही. ती म्हणाली, चाळीत तरी काय घालायचास? मी म्हणालो, ही चाळही नाही. हे बोलताना माझा आवाज चढला होता. उघडं पोर ओलं करत हिंडतंय, दारात बायकांची रांग, फरशी पुसायला पाणी नाही, आणि पुसणारा बाप. हे चित्र मला डोळ्यांसमोर आणवत नव्हतं. ज्या गोष्टीपासून पळून मी कर्ज काढून इथे आलो होतो ती माझा मुलगा पुन्हा दारात आणून उभी करणार होता. मी डॉक्टरांचं ऐकलं नाही. घडी जरा पातळ केली, एवढंच.

कपाटात मस्कतचा एक डायपर उरला होता. तो मी एका रविवारी सकाळी काढला. ही कल्पना माझी, दुसऱ्या कुणाची नाही. बेनला आणि मास्तरांच्या बायकोला मुद्दाम बोलावलं, चहा ठेवला. बायको समोर हात पसरून बसली. मुलगा उभा राहिला. पाय खरंच जवळ आले होते, सगळ्यांना दिसलं. त्याने स्वतःच्या आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चेहरा गंभीर केला, लाल केला, आणि उभ्या उभ्या डायपरचं सार्थक केलं. मग बसला.

बेन भली बाई. तिने पटकन मुलीला उचललं आणि दुधाचं काहीतरी निमित्त सांगून गेली. मास्तरांच्या बायकोने चहा पुरा पिऊन, कप जागेवर ठेवून, मगच पदर तोंडाला लावला. बायको मुलाला मोरीत घेऊन गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी खोलीत एकटा बसून होतो. त्या दिवशी मी मुलाला दुपारपर्यंत हातही लावला नाही.

आषाढ लागला आणि आई लावणीवर लक्ष ठेवायला गावी गेली. बायको कचेरीत, मी दुपारी निघालो की मुलगा बेनकडे, अशी व्यवस्था झाली. पावसाची झड लागलेली. स्वयंपाकघरातल्या दोरीवर लंगोट सादळून लोंबत होते, आणि एका शनिवारी सकाळीच वीज गेली. इस्त्री बंद. सुका लंगोट घरात एकही नाही. मुलगा झोपेतून उठला तो ओला. मी त्याचं सगळं सोडलं, पुसलं, आणि तसाच चटईवर ठेवला. काही मिनिटांचाच प्रश्न होता. एखादा लंगोट तव्यावर गरम करता येईल का, असा विचार करत मी मोरीत गेलो आणि उरलेले पिळायला घेतले.

पाण्याचा दिवस होता. बाहेर रांग लागली होती. मी दार लोटलं होतं, पण पावसात फुगलेलं ते दार नीट बसत नव्हतं.

बायकांचं बोलणं एकदम थांबलं, म्हणून मी मान वर केली. दार उघडं होतं. मुलगा उंबऱ्याच्या पलीकडे होता, पाठमोरा, उघडाबोडका, हात वर करून, आणि चालत होता. मोरीतून मला एवढंच दिसलं. त्याच्या पलीकडे रांग. सगळ्या वळून बघत होत्या. त्याच्याकडे, मग त्याच्या मागे उघड्या दारातून आत, मोरीकडे, माझ्याकडे. मी बनियनवर, गुडघे पोटाशी घेऊन पाटावर बसलेला, हातात पिळलेला लंगोट, आणि माझ्या डोक्यावर दोरीभर लंगोट, सगळे, उघडे.

मी उठलो आणि धावलो. हातातला ओला लंगोट त्याच्या कमरेभोवती गुंडाळला तसा तो दचकला, पाय अडकला आणि पडला. या वेळी गाठोडं नव्हतं. लागलं त्याला, जोरात रडला. मी त्याला काखेत मारून आत आणलं आणि दार खांदा देऊन बंद केलं. बाहेरून बेनचा आवाज आला, “अरे भाई, चलने दो ना उसको!” मी कडी लावली.

शनिवारी बायकोची अर्धा दिवस कचेरी. ती दुपारी आली तेव्हा मी निघायच्या तयारीत होतो. दाराबाहेरच बेनने तिला गाठलं होतं, त्यामुळे आत आली ती सगळं कळूनच. पर्स टाकली, ओल्या छत्रीसकट चटईवर बसली आणि मुलाची चड्डी काढून फेकून दिली. तो उठला आणि तिच्याकडे चालत गेला. पाय सरळ पुढे टाकत, जसं काही कधीचाच चालत होता. तिने त्याला घट्ट धरलं, मग सोडलं, मग पुन्हा चालवलं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती.

मग तिने वर पाहिलं. “सकाळी कसा गेला हो? आधी उभा राहिला? भिंतीला धरलं होतं का? हसत होता?”

मी आठवायला लागलो. मास्तरांची बायको सगळ्यांत पुढे होती, तिने कळशी कमरेवरून खाली ठेवली होती. तिच्या मागे दुसऱ्या मजल्यावरची, तिने पदर तोंडाला लावला होता. बेन दोन्ही हात पुढे करून खाली वाकली होती. सगळ्यांत मागची, जिच्याशी मी कधी बोललोही नव्हतो, ती हसत नव्हती, नुसती बघत होती. एकेकीचा चेहरा मला अजूनही काढून दाखवता येईल.

“तुम्ही तिथेच होतात ना?” बायकोने विचारलं.

“होतो,” मी म्हणालो. ती मी पुढे काही सांगेन म्हणून वाट बघत राहिली.